सत्यसुधारक हॉटेल : भाऊसिंगजी रोडवरचा चहा आणि त्याचे गिऱ्हाईक

मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द फार ऐसपैस आहे. पंचतारांकित इमारतही हॉटेल आणि एसटी स्टँडासमोरचे चार बाकड्यांचे चहाचे दुकानही हॉटेलच. कोल्हापुरातल्या जुन्या हॉटेलांचा विषय निघाला, की लोक राजवाड्याचे झालेले हॉटेल सांगतात, कुणी मिसळीची नावे घेतात, कुणी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या खाणावळी मोजतात. माझ्या मते या शहरातले इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोठे हॉटेल एक चहाचे दुकान होते. ते भाऊसिंगजी रोडवर होते. त्याचे नाव ‘सत्यसुधारक हॉटेल’, मालक गंगाराम कांबळे आणि सर्वांत नामांकित गिऱ्हाईक राजर्षी शाहू छत्रपती.

शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा घेतला, ही गोष्ट कोल्हापुरात शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. सव्वीस जूनच्या भाषणांत ती हमखास येते. पण सांगता सांगता तिचा एक गुळगुळीत नमुना झाला आहे : राजा दयाळू होता, त्याने गरिबाकडे चहा घेतला, टाळ्या. या नमुन्यात मूळ प्रश्न हरवतो. ज्या राजाच्या हातात हुकूम काढण्याची सत्ता होती, त्याला भर रस्त्यात थांबून चहा पिण्याची गरज का पडावी? हुकमाने जे झाले नसते, असे त्या चहाने काय झाले? या लेखात मला याच प्रश्नाचा माग काढायचा आहे.

पागेतला नोकर

गंगाराम कांबळे हे मूळचे महाराजांच्या पागेतले नोकर. जातीने महार. पागेत सर्व जातींचे लोक कामाला, पण पाण्याचे हौद जातीप्रमाणे वेगळे. एके दिवशी स्पृश्यांच्या हौदाला गंगाराम शिवला, पाणी बाटवले, असा ओरडा झाला आणि तिथल्या मराठा नोकरांनी त्यांना बेदम मारहाण केली. महाराज त्या वेळी दिल्लीला गेले होते. ते परतल्यावर गंगाराम आणि त्यांचे सोबती सोनतळीच्या कॅम्पवर गेले आणि पाठीवरचे वळ त्यांनी महाराजांना दाखवले. मारणाऱ्याला महाराजांनी स्वतःच्या हाताने चाबकाचे फटके दिले, असे या आठवणीत सांगितले जाते.

शिक्षेची हकिकत लोकांना आवडते, कारण तिच्यात हिशेब जागच्या जागी चुकता होतो. मला तिच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. महाराजांनी गंगारामांना पुन्हा पागेत त्याच हौदाशेजारी उभे केले नाही. नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला सांगितले आणि त्यासाठी मदत केली. गंगारामांनी हॉटेल काढले. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, ज्याने हौदाला हात लावला म्हणून मार खाल्ला, तोच माणूस आता शहराला चहा पाजणार होता.

हा काळ लक्षात घेतला पाहिजे. १९१८ साली करवीर संस्थानात महार वतने रद्द करण्याचा निर्णय झाला. वतन म्हटले की कानाला मान वाटतो, पण महारांच्या वाट्याला त्यातून जमिनीचा लहानसा तुकडा आणि गावची कधीही न संपणारी वेठ आली होती. हाक मारली की हातातले काम टाकून जायचे. वेठ सुटली, जमीन रयताव्याने नावावर झाली, तरी पुढचा प्रश्न उरतोच : आता पोट कशावर भरायचे? महाराजांनी अस्पृश्य समाजातल्या लोकांना वकिलीच्या सनदा दिल्या, तलाठी नेमले, माहूत आणि गाडीवान नेमले. या सगळ्या जागा संस्थानच्या हातातल्या होत्या. धंद्याचे तसे नसते. धंद्यात गिऱ्हाईक लागते, आणि गिऱ्हाईक कुणाच्या हुकमाने दुकानाची पायरी चढत नाही.

स्वच्छ दुकान, रिकामी बाकडी

हॉटेल नीटनेटके होते, चहा चांगला होता, जागा मोक्याची होती. भाऊसिंगजी रोड म्हणजे शहराचे ऐन मध्य. भवानी मंडप, अंबाबाईचे देऊळ आणि सरकारी कचेऱ्या यांच्या वाटेवरचा हा भाग. आजची महापालिकेची इमारतही याच रस्त्यावर आहे. इथे माणसांची ये-जा कधी थांबत नाही. तरीही गिऱ्हाईक येईना. हॉटेल महाराचे आहे, ही बातमी चहाच्या वासापेक्षा लवकर पसरली.

पाटीवर जात लिहिलेली नव्हती. ‘सत्यसुधारक’ हे नावच बोलके आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाची शाखा कोल्हापुरात १९११ साली उभी राहिली होती. ‘सत्य’ हा शब्द त्या हवेत होता. त्या काळातल्या खाणावळींच्या पाट्या मात्र जात सांगूनच गिऱ्हाईक बोलावत : ब्राह्मणांची खाणावळ, मराठा खाणावळ, लिंगायत खाणावळ. यातल्या काही पाट्या आपल्या भागात अजूनही दिसतात आणि आज आपण त्या चवीची जाहिरात म्हणून वाचतो. मूळची ती जाहिरात चवीची नव्हती. आत चुलीपाशी कोण आहे, याची ती हमी होती. गंगारामांच्या पाटीने अशी हमी द्यायचे नाकारले. महाराजांनी एकदा त्यांना पाटीविषयी छेडले, तेव्हा इतर दुकानदार कुठे जात लिहितात, मग मीच का लिहावी, अशा अर्थाचे उत्तर गंगारामांनी दिल्याची आठवण सांगतात. हे उत्तर मला साऱ्या प्रकरणातले सर्वांत धीट वाक्य वाटते. राजाने उपकार केलेल्या माणसाने राजालाच ते सुनावले होते.

चहाच का?

इथे थोडे थांबून चहाकडे पाहू. कापडाचे किंवा लाकडाचे दुकान असते तर गोष्ट इतकी अडली नसती. सोवळ्याओवळ्याच्या शास्त्रात कोरड्या वस्तूला विटाळ कमी. धान्य, गूळ, कापड कुणाकडूनही घेता येते. तळलेले, तुपातले पदार्थ त्यापुढचे. पाण्यात शिजलेले अन्न आणि खुद्द पाणी यांना मात्र विटाळ सर्वांत लवकर होतो. चहा म्हणजे उकळलेले पाणीच. त्यात दूध, आणि ते ज्याच्या हातचे त्याच्याच भांड्यातून प्यायचे. म्हणजे नियमांच्या या उतरंडीत गंगारामांनी सर्वांत अवघड पायरी निवडली होती.

दुसरीकडे चहा नवा होता. आजी-पणजीच्या काळात तो घरात नव्हता, त्यामुळे त्याच्याभोवती व्रतवैकल्य नव्हते, नैवेद्य नव्हता. १९०३ साली सरकारने चहावर उपकर बसवून त्या पैशातून चहाच्या प्रसाराची सोय केली आणि पुढच्या काही दशकांत हे पेय शहराशहरांतून रुजत गेले. त्याबरोबर चिनी मातीचे कप-बशी आले आणि अनोळखी माणसांनी शेजारी बसून पिण्याची जागा आली. जुन्या नियमांत न बसणारी ही नवी जागा होती. नियम तिला गिळू पाहत होते आणि ती नियमांना.

याचा अनुभव पुण्याने आधीच घेतला होता. १८९० साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कपाला हात लावला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर लोकांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि एकच गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ताचे वाद वर्ष-दोन वर्षे चालले. शेवटी रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले आणि त्यावरून सुधारकांनीच त्यांना बोल लावले.

एवढे मोठे लोक एका कपापायी अडचणीत आले, आणि तो चहा तर मिशनऱ्यांचा होता. राज्यकर्त्यांच्या धर्माचे लोक पाजत होते. तीस वर्षांनी कोल्हापुरात ज्या हातांनी कप पुढे केला, ते हात त्या समाजव्यवस्थेत सर्वांत खालचे मानले गेले होते. रानडे-टिळकांच्या चहाची तुलना गंगारामांच्या चहाशी केली, तर महाराज कोणत्या ताकदीचा नियम मोडत होते, याचा अंदाज येतो.

हॉटेलचे पाहुणे

गिऱ्हाईक येत नाही, हे महाराजांच्या कानावर गेले. मग फेरफटक्याला निघाले की त्यांचा ‘खडखडा’ भाऊसिंगजी रोडवर गंगारामांच्या हॉटेलसमोर थांबू लागला. महाराज गाडीतूनच मोठ्याने हाक मारून चहा मागवत. सांगणाऱ्यागणिक या प्रसंगाचे शब्द बदलतात, पण तीन गोष्टी सगळीकडे सारख्याच आहेत. एक, हाक मोठ्याने मारलेली आहे, रस्त्याला ऐकू जाईल अशी. दोन, महाराज एकटे नाहीत, गाडीत ब्राह्मण, मराठा आणि इतर वरच्या जातींची मंडळी आहेत. तीन, चहा सगळ्यांसाठी मागवलेला आहे.

या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की प्रसंगाची रचना उलगडते. महाराजांना नुसता चहा हवा असता तर तो राजवाड्यावर मागवता आला असता. गंगारामांना पैसेच द्यायचे असते तर खाजगीकडून देता आले असते. इथे चहा हे निमित्त होते. खरे काम साक्षीदार तयार करण्याचे होते. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस पाहत होता, की छत्रपती हा चहा पितात आणि त्यांच्या शेजारी बसलेले अमुक कारभारी आणि तमुक सरदारही पितात. दुसऱ्या दिवशी त्या कारभाऱ्याला त्याच्या आळीत कुणी जाब विचारला, तर ‘महाराजांनीच दिला, नाही कसे म्हणणार?’ हे उत्तर तयार होते. नियम मोडायला माणसाला धैर्य लागते तसा बहाणाही लागतो. महाराजांनी तो बहाणा पुरवला.

दुसरी युक्ती याहून खोचक आहे. कागदावर सही हवी म्हणून कुणी महाराजांना गाठले, की ते त्याला गंगारामांच्या हॉटेलात यायला सांगत. तिथे आधी चहा, मग सही. सहीची गरज कुणाला असते? जमीनदाराला, वकिलाला, नोकरदाराला, वशिल्याची माणसे असलेल्या घराला. म्हणजे ज्यांना वाळीत टाकण्याची भीती सर्वांत कमी आणि ज्यांच्या मागे इतर लोक जातात, नेमके तेच या हॉटेलचे पहिले पाहुणे ठरले. चहा चालू लागल्यावर महाराजांनी गंगारामांना सोडा तयार करण्याचे यंत्रही घेऊन दिले. दुकान एकदा दाखवून सोडून द्यायचे नव्हते, ते धंदा म्हणून टिकवायचे होते, हे त्यातून दिसते.

हुकूम कुठे थांबतो

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १९१९ हे साल करवीर संस्थानात हुकमांचे साल होते. सरकारी दवाखान्यांत अस्पृश्यांना इतरांप्रमाणेच वागवावे, कचेऱ्यांत आणि शाळांत भेद करू नये, पाणवठे व धर्मशाळा यांसारख्या सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या असाव्यात, असे हुकूम त्या वर्षी निघाले. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यावे, असेही ठरले. मग हॉटेलासाठी हुकूम का नाही?

कारण या सगळ्या हुकमांचा रोख एका दिशेने आहे. दार कुणाच्या तरी ताब्यात आहे, तो अस्पृश्याला आत येऊ देत नाही. हुकूम त्याला सांगतो, की दार उघड. गंगारामांचे दार उघडेच होते. अडवणारा कुणी नव्हता. फक्त कुणी आत येत नव्हते. न येणाऱ्याला कोणत्या कलमाखाली पकडायचे?

स्वतंत्र भारताच्या कायद्यातही हीच मर्यादा दिसते. राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या उपकलमात ‘हॉटेल’ हा शब्द चक्क आहे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांत प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही आडकाठी होणार नाही, असे ते सांगते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ या शब्दात धोबी, न्हावी येतात का, असा प्रश्न निघाला. डॉ. आंबेडकरांनी खुलासा केला, की जिथे जिथे कुणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, त्या सर्व जागा या शब्दात येतात. पुढे १९५५च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने उपाहारगृहातली सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. कप-बशीपर्यंत कायदा पोचला, ही लहान गोष्ट नव्हे. १९७६ साली याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. पण या सगळ्या तरतुदी दलित गिऱ्हाइकाचे रक्षण करतात. दलित दुकानदाराला गिऱ्हाईक मिळवून देणे कोणत्याही कायद्याच्या आवाक्यात नाही.

अमेरिकेतले उदाहरण शेजारी ठेवून पाहा. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो शहरात चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांना वाढले नाही, तरी ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, त्यानंतर आणखी. जुलैअखेर त्या काउंटरवर काळ्यांनाही वाढायला सुरुवात झाली. तो लढा ‘आम्हाला वाढा’ असे म्हणणाऱ्यांचा होता. गंगारामांचे म्हणणे उलटे होते : ‘मी वाढतो, तुम्ही बसा.’ अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात काळ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या रांधत होत्या. त्यांच्या हातचे चालत होते, शेजारी बसणे चालत नव्हते. आपल्याकडे हातचेच चालत नव्हते. म्हणून वर्णभेद आणि जातिभेद यांना एकाच मापाने मोजताना जपून राहावे, असे मला वाटते.

उपकार की हक्क?

या गोष्टीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. सहीसाठी अडलेल्या माणसाला चहा प्यायला लावणे ही जबरदस्तीच होती. असा चहा घरी जाऊन आंघोळ केली की धुऊन निघतो. आणि राजाच्या मर्जीवर चाललेले दुकान राजा गेल्यावर कशावर चालणार? महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४७ होते.

आक्षेपात तथ्य आहे. त्याला उत्तर शोधताना मला १८९९ साल आठवते. त्या वर्षी पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित आपल्यासाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे महाराजांच्या ध्यानात आले. राज्याचा धनी असूनही घाटावर ते शूद्र ठरले. सत्ता आणि प्रतिष्ठा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी अंगावर घेतलेले ज्ञान होते. नियम मोडला जाऊ शकतो आणि मोडणाऱ्यावर आभाळ कोसळत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे लागते, हेही त्यांना त्यातूनच उमगले असावे. चहा बळजबरीचा असेल, पण तो प्यायलेल्याला दुसऱ्यावर बोट ठेवण्याचा अधिकार उरला नाही. वाळीत टाकण्याची व्यवस्था बोट ठेवणाऱ्यांवरच चालते.

तरी ही वाट पुरी नव्हती, हे महाराजही ओळखून होते. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तिथे महाराजांनी अस्पृश्य समाजाला, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असे सांगितले. याच पुढाऱ्याने सात वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारोंच्या साथीने ओंजळीत घेतले. तिथे कुणा राजाचा खडखडा नव्हता. पागेच्या हौदाला चुकून लागलेला हात आणि चवदार तळ्यात जाणूनबुजून बुडवलेली ओंजळ, यांच्या मधल्या वाटेवर हे हॉटेल उभे आहे. उपकारातून हक्काकडे जाणारी वाट कुठून तरी सुरू व्हावी लागते.

गंगाराम कांबळे हे नुसते उपकाराचे धनी राहिले नाहीत, याचा पुरावा नर्सरी बागेत आहे. महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांतच गंगाराम आणि त्यांच्या समाजबांधवांनी तिथे महाराजांचे स्मारक उभारले. कोल्हापुरातले ते शाहू महाराजांचे पहिले स्मारक. सरदार-जहागीरदारांच्या शहरात राजाची पहिली आठवण चहावाल्याने बांधली.

आजचा कप

हा इतिहास संपला असे म्हणता आले असते तर लेख इथेच थांबला असता. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत दुपारचे जेवण रांधायला दलित बाई नेमल्या गेल्या आणि वरच्या जातींच्या मुलांनी जेवायचे सोडले. घरून डबे येऊ लागले. बाईंना कामावरून काढले गेले, बोभाटा झाल्यावर परत घेतले गेले. इथेही कुणी कुणाला दारात अडवले नव्हते. ताट वाढलेले होते, मुले बसत नव्हती. शंभर वर्षांपूर्वी भाऊसिंगजी रोडवर जे अडले होते, तेच इथे अडले.

कोल्हापूर दूर आहे म्हणून आपण निर्धास्त राहावे असेही नाही. गावाकडच्या जत्रेत स्वयंपाकाला कुणाला बोलावतात, बचत गटाचे पापड-लोणचे कोणत्या वस्तीतले खपते आणि कोणत्या वस्तीतले पडून राहते, घरकामाला येणाऱ्या बाईकडे झाडूपोछा असतो की स्वयंपाक, हे ज्याने त्याने आपल्या घरी-दारी पाहावे. अशा ठिकाणी ‘आम्ही जात मानत नाही’ असेच सगळे म्हणतात, आणि कायद्याच्या भाषेत ते खोटेही नसते. कुणी कुणाला अडवलेले नसते.

६ मे २०२२ रोजी, महाराजांच्या शंभराव्या स्मृतिदिनी, सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. तो क्षण मोठाच होता. पण महाराजांनी आपल्याला स्तब्ध उभे राहायला शिकवले नव्हते. हाक मारून चहा मागवायला शिकवले होते, चारचौघांत, ऐकू जाईल अशा आवाजात. दलित माणसाच्या धंद्याला कायदा देऊ शकत नाही ती एकच गोष्ट आपल्या हातात आहे : गिऱ्हाईक म्हणून आत जाणे, पैसे देणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे.